सपाट कागद आणि वक्र आकार



तेरखेडा फटाक्यांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. फटाक्याचे नळकांडे म्हणजे गुंडाळलेला सपाट कागदच होय. येथील मुलास वृत्तचिती शिकविण्यास याहून जवळचे उदाहरण कोणते? मात्र वर्गात कोरा कागद व खळ एवढेच असावे. दारूचा कणही नसावा.

कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो. म्हणून त्याची वृत्तचिती होते, शंकूही होतो. तोच चेंडूवर बसवू जाता चुण्या पडतात. या अडचणीचे मूळ जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८२७ साली सिद्ध केले. कागदाच्या बारा निमुळत्या पाकळ्या कापून चेंडूवर चिकटवाव्यात. पाकळ्या जितक्या अरुंद, तितक्या चुण्या कमी. सपाट नकाशात देशांचे आकार का बिघडतात, तेही येथेच उमगते.

उत्तर आधी सांगू नये. चुण्या प्रथम मुलांच्या बोटांना कळू द्याव्यात.