चालता चालता इंग्रजी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आज येथे ज्या मुलामुलींचा गौरव झाला, त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु या आनंदाच्या प्रसंगी एक काळजीची गोष्टही बोलून दाखविणे आम्हांस अवश्य वाटते. मराठी शाळेतून उत्तम गुण मिळविणारा आपला मुलगा महाविद्यालयात जातो आणि पहिल्याच वर्षी अबोल होतो. बुद्धी तीच असते, परिश्रम तेच असतात; पण व्याख्यान इंग्रजीतून सुरू झाले की त्याची मान खाली जाते. कित्येक जण केवळ या धास्तीने विज्ञानशाखा सोडून देतात. ही हानी लहान नव्हे.

यावर घरोघरी एकच उपाय सांगितला जातो : शब्दकोश घे आणि रोज दहा शब्द पाठ कर. महिना लोटल्यावर त्यांतील किती शब्द उरतात, हे विद्यार्थ्यांनीच मनाला विचारावे. पाठ केलेला शब्द टिकत नाही, कारण त्याच्या पाठीशी वस्तू नसते. लहान मूल 'पाणी' हा शब्द कोशातून शिकत नाही; तहान लागते, पाणी मिळते आणि शब्द जिभेवर बसतो. तद्वत् इंग्रजी शब्दही वस्तूच्या सान्निध्यात भेटावा, असे आमचे म्हणणे आहे. यासाठी आपल्या दारातच एक विनाशुल्क पाठशाळा आहे. तिचे नाव सह्याद्री.

प्रथम लहान शब्दांचा विचार करू, कारण आपली मुले अडखळतात ती तेथेच. 'रानातून गेलो' आणि 'गुहेतून बाहेर आलो' या दोन्ही ठिकाणी मराठीला एकच 'तून' पुरतो. इंग्रजीला पहिल्या ठिकाणी 'थ्रू' लागतो, तर दुसऱ्या ठिकाणी 'आउट ऑफ'. 'खडकावर बसलो', 'डोक्यावर घार घिरट्या घालीत होती', 'वर चढलो' यांत आपला 'वर' तिन्ही कामे करतो. इंग्रजीत मात्र अनुक्रमे 'ऑन', 'अबव्ह' आणि 'अप' असे तीन वेगळे गडी येतात. व्याकरणाच्या पुस्तकात हे भेद रुक्ष वाटतात. परंतु नदीच्या काठाकाठाने चालणे म्हणजे 'अलाँग' आणि तीच नदी ओलांडून पलीकडे जाणे म्हणजे 'अक्रॉस', हे ज्याच्या पायांनी एकदा अनुभवले, तो ते सहसा विसरत नाही.

नामे आणि विशेषणे यांचेही तसेच आहे. कळसूबाई हे 1,646 मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. तेथील लोखंडी शिड्यांपाशी 'स्टीप' या शब्दाचा अर्थ गुडघेच सांगतात. सुटे खडे पायाखालून निसटतात त्या उताराला आपले डोंगरी लोक घसारा म्हणतात. इंग्रजीत तो 'स्क्री'. गडाचा तट म्हणजे 'रॅम्पार्ट', बुरूज म्हणजे 'बॅस्टियन', खडकात खोदलेले पाण्याचे टाके म्हणजे 'सिस्टर्न'. येथे एक गोष्ट ध्यानात येते. शहरात वाढलेल्या आपल्या मुलांना यांतील मराठी शब्दही पुष्कळदा ठाऊक नसतो. सोंड, खिंड, घसारा, टाके हे शब्द डोंगराखालच्या वाडीतील वाटाड्या सांगतो, तेव्हाच ते कळतात. म्हणजे एकाच फेरीत दोन भाषांची कमाई होते. इंग्रजीसाठी मराठी टाकावी लागत नाही.

रानात भेटलेला शब्द पुढे वृत्तपत्रातही उपयोगी पडतो. क्षेत्र महाबळेश्वराच्या परिसरात कृष्णा आणि सावित्री या दोन्ही नद्या उगम पावतात. कृष्णा पूर्वेस वळून बंगालच्या उपसागराला मिळते, तर सावित्री पश्चिमेस उतरून अरबी समुद्राला. दोन बाजूंच्या पाण्याची अशी फारकत करणाऱ्या उंच धारेला इंग्रजीत 'वॉटरशेड' म्हणतात. ती धार ज्याने पाहिली, त्याला एखाद्या घटनेला इतिहासातील 'वॉटरशेड' का म्हणतात, हे निराळे समजावून द्यावे लागत नाही. कड्यावर पाय रोवण्यापुरती जागा ती 'फूटहोल्ड'. व्यापारात शिरकाव करून घेण्यालाही तोच शब्द लावतात.

आणखी एक भीती दूर केली पाहिजे. इंग्रजी ही कोणा परक्याची सोवळ्यातील भाषा आहे, असे आपल्या मुलांस वाटते. वस्तुतः ती दारोदार हिंडून शब्द जमवीत आली आहे. 'ट्रेक' हा शब्द तिने दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या लोकांकडून उचलला. बैलगाड्यांचा लांबचा प्रवास असा त्याचा तेथील अर्थ. 'जर्नी' हा शब्द फ्रेंचमधील, मुळात एका दिवसाची वाटचाल सांगणारा. आपली 'मजल' आठवावी. आपला सह्याद्री ज्या अग्निजन्य खडकाचा बनला, त्या सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीच्या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातील 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे, तर स्वीडिश भाषेतील जिना. डोंगराचे टप्पे पाहिले की नाव पटते. आणि इंग्रजांचा 'मंगूस' हा तर आपलाच मुंगूस! आपल्या घरचा शब्द ज्या भाषेने सन्मानाने ठेवून घेतला, तिच्यापुढे संकोच कशाला?

या मार्गाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही शेर्पा तेनझिंग यांच्या चरित्रात दिसतात. 29 मे 1953 रोजी हिलरी यांच्यासह एव्हरेस्टवर प्रथम पाऊल ठेवणारा हा पुरुष अनेक भाषा बोलत असे, परंतु त्याला लिहिता येत नव्हते. स्वतःचे चरित्र त्याला दुसऱ्याकरवी लिहवून घ्यावे लागले. डोंगर माणसाला बोलके करतो. लेखणी मात्र आपली आपणच धरावी लागते.

यास्तव आमची सूचना साधी आहे. दर महिन्यास एक दिवस दहा-बारा मुलामुलींनी जाणत्या माणसासह एखाद्या गडावर जावे. पावसाळ्यात निसरड्या वाटा आणि भरलेले ओढे टाळावेत. प्रत्येकाजवळ एक वही असावी. पाहिलेल्या वस्तूचे नाव डावीकडे मराठीत आणि उजवीकडे इंग्रजीत लिहावे. उजवीकडची जागा रिकामी राहिल्यास घरी आल्यावर कोश उघडावा. आता तो कोश शत्रू वाटणार नाही, कारण प्रश्न आपला असेल. रात्री त्या शब्दांची पाच वाक्ये लिहावीत आणि पुढील फेरीत ती सोबत्यांस मोठ्याने वाचून दाखवावीत. चुकले तर हसणारेही आपलेच असतील.

पालकांनाही आमची विनंती आहे. 'डोंगर हिंडून अभ्यास बुडतो' असे म्हणू नका. मुलींना तर मुळीच अडवू नका. शिकवणीसाठी आपण जो पैसा खर्च करतो, त्याच्या अल्प अंशात ही वाटचाल होते. आपली मुले पायांनी बळकट आणि जिभेने निर्भय व्हावीत, आणि पुढील वर्षी याच व्यासपीठावरून त्यांच्यापैकी एखाद्याने आपल्या वहीतील पाने दोन्ही भाषांत वाचून दाखवावीत, अशी इच्छा प्रकट करून आम्ही आपली रजा घेतो.