शाळेचे छत, शाळेचे दार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चोपडा येथे झालेल्या व्याख्यानमालेत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आपण मला बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी ट्रस्टचा ऋणी आहे. धर्म आणि तत्त्वज्ञान यांवर बोलणारे विद्वान या मालेत येऊन गेले आहेत. तो माझा प्रांत नव्हे. माझे आयुष्य शाळेत गेले, म्हणून मी आज स्लॅब, जिने, दारे आणि कुलुपे यांविषयी बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल. पण आपला ट्रस्ट गेली पन्नास वर्षे शिष्यवृत्त्या देतो, वह्या वाटतो, गावोगावच्या शाळांना खोल्या बांधून देतो. ज्या हातांनी खोल्या दिल्या, त्या हातांपुढेच हे बोलणे सयुक्तिक आहे, असे मला वाटते.

प्रथम एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. गावाचे आणि शाळेचे नाव सांगत नाही, त्याची आवश्यकताही नाही. शाळेच्या व्हरांड्याच्या छताला ओल येत असे. दरवर्षी यू-डायसचे प्रपत्र भरताना वर्गखोल्यांची स्थिती लिहावी लागते : चांगली, किरकोळ दुरुस्ती आवश्यक, मोठी दुरुस्ती आवश्यक. मी सलग तीन वर्षे ‘किरकोळ’ या रकान्यात आकडा भरला आणि खाली स्वाक्षरी केली. मोठी दुरुस्ती लिहिली की खोल्या बंद करा असे पत्र येईल, मुले कुठे बसवायची हा प्रश्न उभा राहील, ही भीती मनात होती. चौथ्या वर्षी जुलैच्या झडीत मधल्या सुटीनंतर व्हरांड्याच्या छताचा मोठा पापुद्रा कोसळला. घंटा होऊन मुले नुकतीच आत गेली होती. एक मुलगा पाण्याची बाटली घ्यायला मागे वळला होता. त्याचे प्राण वाचले. उजवा हात मात्र कोपरातून पुन्हा सरळ झाला नाही. आता तो मोठा झाला आहे, बाजारात भेटतो, आदराने ‘सर’ म्हणतो. चौकशी झाली तेव्हा मला कोणी दोष दिला नाही, कारण कागदपत्रे व्यवस्थित होती. त्या व्यवस्थित कागदांवरची स्वाक्षरी माझी होती, एवढे मला ठाऊक आहे.

त्यानंतर मी अभियंत्यांच्या मागे लागून स्लॅब का पडतो हे शिकून घेतले. ते थोडक्यात सांगतो, कारण हे ज्ञान प्रत्येक विश्वस्ताला असायला हवे. छतावर पाणी साचते, बारीक भेगांतून आत झिरपते आणि सळईला गंज चढतो. गंजलेले लोखंड फुगते. मूळ लोखंडापेक्षा ते कितीतरी अधिक जागा व्यापते आणि खालचे काँक्रीट आतून ढकलून देते. रंगाचा पोपडा, तांबूस डाग, सळईच्या रेषेत जाणारी सरळ भेग ही त्याची पूर्वचिन्हे होत. काठीने किंवा लहान हातोडीने ठोकले असता घट्ट स्लॅब खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. हे पाहायला मुख्याध्यापक आणि शिपाई पुरेसे आहेत. त्यापुढचा निर्णय मात्र अभियंत्याचाच. आपल्याकडे होते काय, तर गळती लागली की वर आणखी एक कोब्याचा थर चढवतात. पुन्हा गळले की आणखी एक. आपल्या आजोबांच्या काळी धाब्यावर दरवर्षी माती टाकीत, तीच ही सवय. गळती तात्पुरती थांबते आणि दुबळ्या झालेल्या छतावरचे ओझे वाढत जाते.

दुसरी गोष्ट आपल्या मातीची. तापीकाठची काळी कसदार जमीन केळीला वरदान आहे, इमारतीला मात्र ती शत्रू ठरते. पावसाळ्यात ही जमीन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंत दरवर्षी वर-खाली हलत राहते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. देणगीदाराच्या नावाची फरशी दर्शनी भिंतीवर बसते, पाया कोणाला दिसत नाही. म्हणून काटकसर नेहमी पायात होते. स्पष्ट बोलण्याबद्दल क्षमा असावी.

२८ ऑगस्ट २०१७ रोजी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेचे छत भर पावसात वर्गावर कोसळले आणि तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावी असेच घडले, सात मुले गेली. दोन्ही दिवस पावसाळ्यातले, दोन्ही वेळा शाळा भरलेली. तपासणी उन्हाळ्याच्या सुटीत झाली असती, तर दुरुस्तीला पाऊस येण्यापूर्वी महिना-दीड महिना मिळाला असता. आपल्याकडे ती बहुधा दुर्घटनेनंतर होते.

भूकंपाचे नाव काढले की आपल्याला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड छत, अशी ती घरे होती. त्या वेळी भारतीय जैन संघटनेने, श्री. शांतिलालजी मुथ्था यांच्या पुढाकाराने, सुमारे बाराशे मुले पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. गुजरातच्या भूकंपानंतर याच संघटनेने तेथे साडेतीनशेहून अधिक शाळा उभारून दिल्या. आपल्या समाजाला याचा सार्थ अभिमान आहे आणि असावा. पण माझ्यासारख्याच्या मनात एक विचार येतो. अनाथ झालेल्या मुलाला शाळा देणे हे थोर काम आहे. शाळेत गेलेले मूल संध्याकाळी घरी येईल अशी भिंत बांधणे हे कमी दिखाऊ काम आहे, आणि त्याला कोणी हार घालत नाही.

गुजरातचा तो भूकंप २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास झाला. प्रजासत्ताकदिनामुळे वर्ग भरलेले नव्हते, म्हणून कितीतरी मुले वाचली. पण अंजार येथे प्रभातफेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंच्या इमारती तिच्यावर कोसळल्या. १८५ विद्यार्थी आणि २० शिक्षक त्यात गेले. २०२२ साली तेथे त्यांचे स्मारक झाले आहे. आपल्याही गावात प्रभातफेरी जुन्या गल्ल्यांतूनच जाते.

‘खान्देशात कुठे भूकंप होतो?’ असे कोणी विचारील. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता, आणि २००२ च्या भारतीय मानकाच्या नकाशात जळगाव व धुळे हे दोन्ही जिल्हे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात दाखवलेले आहेत. भयभीत होण्याचे कारण नाही. नवी खोली बांधताना ठेकेदाराला विचारण्याचे आहे.

आता आगीविषयी. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील मंडी डबवाली येथे एका शाळेचे स्नेहसंमेलन मंगल कार्यालयात चालू होते. वर कापडी मंडप, बाहेर पडायला एकच वाट. विजेच्या ठिणगीने मंडप पेटला आणि काही मिनिटांत चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपरावर पसरली आणि ९४ कोवळी मुले होरपळून गेली. त्या घटनेवरून दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय दिला की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निसुरक्षा साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र देणे इमारतीच्या मालकावर किंवा वापरणाऱ्यावर बंधनकारक केले आहे. मी पाहिलेल्या कित्येक शाळांत भिंतीवर लाल नळकांडे होते. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे कोणी पाहत नसे, आणि ते कसे चालवायचे हे एकाही शिक्षकाला येत नसे. एका ठिकाणी तर ते चोरीला जाऊ नये म्हणून कपाटात कुलूपबंद होते!

कुलुपांचा हा विषय हसण्यासारखा नाही. मुले पळून जाऊ नयेत म्हणून फाटकाला कुलूप, चोर येऊ नये म्हणून मागच्या दाराला कुलूप, वानरे येऊ नयेत म्हणून खिडकीला जाळी. प्रत्येक कुलपामागे सुरक्षेचाच हेतू असतो. पण ही सगळी कुलुपे एकत्र आली की वर्गाचा सापळा होतो. वर्गाचे दार बाहेरच्या बाजूला उघडावे, हा साधा नियम का आहे, हे दारावर माणसांची गर्दी झाल्याशिवाय ध्यानात येत नाही.

इमारत भक्कम असूनही मूल असुरक्षित असू शकते, हे बदलापूरने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याला दाखवले. शाळेच्या आवारातच दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचा आरोप सफाई कर्मचाऱ्यावर होता. लोक रेल्वेमार्गावर उतरले. त्यानंतर शासनाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, सखी-सावित्री समिती यांविषयी आदेश दिले. कॅमेरे लागले, ते चालू आहेत का आणि त्यांतील चित्रण कोण पाहतो, हा पुढचा प्रश्न. मला कायद्यातील एकच गोष्ट येथे सांगायची आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा प्रकार कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाबाबत तो दडवला तर शिक्षा अधिक आहे. ‘संस्थेची बदनामी नको’, ‘मुलीच्या लग्नाचा प्रश्न येईल’ असे सांगून चार प्रतिष्ठितांनी बैठकीत मिटवण्याची आपल्याकडची रीत आता सौजन्यात मोडत नाही. मी अशा एका बैठकीत तरुणपणी गप्प बसलो होतो. एवढेच सांगतो, अधिक सांगवत नाही.

रस्त्याविषयी आपण रोज पाहताच. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावर केळीचे ट्रक धावत असतात आणि त्याच रस्त्यावर काळी-पिवळीच्या मागे लोंबकळत मुले शाळेला येतात. २०११ च्या स्कूलबस नियमावलीत सर्व तरतुदी आहेत, शालेय परिवहन समितीही आहे. तिची बैठक शेवटची कधी झाली, हे पालकांनी विचारावे. आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोल्या : पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा सकाळची शाळा भरवून आपण सुटका करून घेतो, सातपुड्याच्या पायथ्याशी पाड्यांवरची जी पावरा-भिल्ल मुले आश्रमशाळांत राहतात, त्यांना दुपारी घरी जाता येत नाही.

आपण पाणी गाळून पिणारी माणसे. दिव्याभोवती कीटक येऊ नये, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपतो; त्याला आपल्याकडे जयणा म्हणतात. वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी डोक्यावरच्या छताकडे एकदा पाहणे, हे मी याच शब्दात मोजतो.

समारोपाऐवजी एक विनंती करतो. विश्वस्त मंडळाने येथून पुढे खोलीसाठी देणगी देताना दहा वर्षांच्या देखभालीची रक्कमही बाजूला ठेवावी आणि दर एप्रिलमध्ये, निकालाच्या धावपळीपूर्वी, अभियंत्याला घेऊन प्रत्येक दिलेली खोली ठोकून पाहावी. दुसरे, आज सकाळी मी थोडा लवकर आलो होतो. ज्या सभागृहात आपण बसलो आहोत, त्याचे मागचे दार मी पाहिले. त्याला कुलूप आहे, त्याच्यापुढे कार्यक्रमाच्या जास्तीच्या खुर्च्या रचलेल्या आहेत आणि वर हा सुंदर कापडी मंडप आहे. किल्लीची चौकशी केली, तेव्हा ती एका कार्यकर्त्याकडे असून ते जळगावला गेल्याचे समजले. उद्या याच ठिकाणी बालकांचा कार्यक्रम आहे, दोनशे मुले येणार आहेत, असे पत्रिकेत छापले आहे. अध्यक्ष महोदयांनी आता, मी खाली बसल्यावर, चार तरुणांना त्या खुर्च्या हलवायला सांगावे आणि किल्ली येणार नसेल तर कुलूप तोडावे. कुलपाची किंमत मी देईन.