उत्तम शेती आणि आपली परीक्षा
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आम्ही उभ्या हयातीत कितीदा तरी फळ्यावर लिहिली. आणि त्याच वर्गात गणित चुकलेल्या मुलास ‘नांगर धरण्याचाच तुझा वकूब’ असेही आम्हीच सुनावले. त्याचे प्रायश्चित्त म्हणून आज चार शब्द बोलावयास उभे आहोत.

आपल्या ज्ञातीतील काही सुशिक्षित तरुण-तरुणी नोकरी सोडून दोन-तीन एकरांवर रासायनिक खतांविना शेती करू लागले आहेत. शेण, गोमूत्र, गूळ व बेसन यांचे जीवामृत, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि मिश्र पिके हे त्यांचे भांडवल. माती जिवंत राहावी, खाणाऱ्याच्या पोटात विष जाऊ नये, ही त्यांची निष्ठा. ती स्तुत्यच होय. परंतु केवळ निष्ठेने वाण्याची उधारी फिटत नाही.

या बाबतीत वलसाड जिल्ह्यातील देहरी गावचे कै. भास्कर सावे (१९२२–२०१५) यांचे चरित्र मननीय आहे. तेही प्रथम प्राथमिक शिक्षकच होते. शेतीत आरंभी त्यांनी रासायनिक खते वापरली व पीकही भरघोस काढले. परंतु खर्च वाढत जाऊन हाती उरते थोडेच, हे ध्यानी येताच ते नैसर्गिक शेतीकडे वळले आणि नारळ-चिकूची बाग त्यांनी नावारूपास आणली. तत्त्व आणि जमाखर्च यांची त्यांनी फारकत केली नाही, हाच त्यांचा धडा.

म्हणून तरुणांस आमची विनंती अशी की, सारी जमीन एकदम पालटू नका. दहा गुंठ्यांवर आरंभ करा. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांस साधारणतः दोन व फळबागेस तीन वर्षे संक्रमणकाळ धरतात. तेवढ्या काळाच्या घरखर्चाची तरतूद आधी करा, आणि स्वतःच्या श्रमाचा रोज वहीत मांडण्यास लाजू नका.

आता वडीलधाऱ्यांविषयी. पाच वर्षांमागे आमच्या धाकट्या कन्येस अशाच एका शेतकरी मुलाचे स्थळ सांगून आले. पत्रिकाही न पाहता आम्ही ते परत पाठविले. मुलीस विचारलेही नाही. पुढे तिला कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “अण्णा, मग ती म्हण खोटी होती का?” आम्हांस उत्तर देता आले नाही. आजही ती खंत मनात आहे.

बंधुभगिनींनो, या मुलांना शाल-श्रीफळ नको आहे. प्रत्येक कुटुंबाने वर्षाचे तांदूळ आणि डाळ त्यांच्याकडून, हंगामापूर्वी भाव ठरवून घ्यावी. वधूवर-सूचीत ‘व्यवसाय : शेती’ एवढे वाचून पान उलटू नये; निदान मुलीस तरी विचारावे. असे झाले तर ती म्हण पुनश्च खरी ठरेल.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.