चौसष्ट कला आणि उरलेले सहा तास
(उत्सवातील व्याख्यानाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण ज्याच्यासमोर बसलो आहोत तो चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. चौदा विद्या म्हणजे चार वेद, सहा वेदांगे, पुराणे, न्याय, मीमांसा आणि धर्मशास्त्र. कलांची यादी तर गायन-वादनापासून पाककलेपर्यंत आणि पोपट-मैनेला बोलायला शिकवण्यापर्यंत जाते. गणरायाला हे सगळे साधले, कारण त्याला दहा ते पाच ऑफिस नव्हते. आपले काय? आपल्यालाही चौसष्ट गोष्टी आवडतात. पेटी शिकायची आहे, फोटो काढायचे आहेत, कपाटातल्या मराठी कादंबऱ्या वाचायच्या आहेत, गच्चीवर गुलाब लावायचे आहेत, मोडी लिपी शिकायची आहे आणि पहाटे उठून घाटावर फिरायलाही जायचे आहे. आणि वेळ? वेळ नाही. हाच आजचा विषय.

आधी हिशेब मांडू. आठवड्याचे तास 168. रोज सात तास झोप धरली तर 49 गेले. सहा दिवसांची नोकरी 48. लंका ते कचहरी या रस्त्यावरून ज्यांना जावे लागते त्यांना विचारा, येण्याजाण्याचे 9 तरी धराच. स्नान, पूजा, जेवणखाण यांचे 21. बाजार, घरकाम, मुलांचा अभ्यास आणि आलागेला यांचे आणखी 21. उरले 20. त्यातले रोजचे दोन तास टीव्हीने आणि हातातल्या मोबाइलने नेले, म्हणजे 14 गेले. शिल्लक सहा तास.

आणि हा साध्या गावचा हिशेब झाला. काशीकराचा वेगळा. काशीत राहणाऱ्या मराठी माणसाला पाहुण्यांचा तोटा कधीच नसतो. "पुढच्या रविवारी येतोय, विश्वनाथाचं दर्शन तेवढं नीट घडवा" असा फोन आला की आपला रविवार गेला! त्यातून बनारस हे शहरच असे, की इथे मोहाला ऋतू नाही. महाशिवरात्रीच्या सुमारास तुलसी घाटावर ध्रुपद मेळा, हनुमान जयंतीच्या सुमारास संकटमोचनला रात्रभर चालणारे संगीत, भाद्रपद-आश्विनात रामनगरची महिनाभराची रामलीला. विद्यापीठातले भारत कला भवन एका दुपारी पाहून होत नाही. इथे "मला वेळ नाही" म्हणणाऱ्याकडे पानवाला दयेने बघतो.

तर या सहा तासांचे करायचे काय? आपण बहुतेक जण काय करतो, तर सहा छंदांना एकेक तास वाटून देतो. हे न्यायाचे वाटते, पण तबल्याला आठवड्यातून एकच तास दिला तर मागच्या आठवड्यात विसरलेले आठवण्यातच तो संपतो. वर्षानंतर सहाही छंद आरंभालाच उभे. एक ना धड भाराभर चिंध्या! उलट तेच सहा तास एका छंदाला दिले तर वर्षाचे तीनशे बारा तास होतात. तीनशे तासांत माणूस मोडी वाचू लागतो, पेटीवर एखादा राग ओळखीचा होतो. म्हणजे प्रश्न वेळ वाढवण्याचा नाही, वाटणीचा आहे. समान वाटणी भावांत चांगली, छंदांत नाही.

यावर कोणी म्हणेल, की अनेक विषयांत रमलेली मोठी माणसेही झालीच ना? झाली. त्यातल्या दोघांची गोष्ट सांगतो. दोघांचाही काशीशी संबंध आहे.

पहिले दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म 1907 चा, गोव्यातला. हार्वर्डहून पदवी घेऊन परतल्यावर त्यांची पहिली नोकरी आपल्या बनारस हिंदू विद्यापीठात. 1929 ते 1931 ते इथे गणित शिकवीत होते. पुढे अलीगढ, मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज, आणि त्यानंतर 1962 पर्यंत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. पेशाने गणिती. पण त्यांनी काय काय केले पाहा. प्राचीन नाण्यांचा अभ्यास केला. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती 1948 मध्ये काढली. प्रा. व्ही. व्ही. गोखले यांच्यासह विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश' 1957 मध्ये संपादित केला. आनुवंशिकीत त्यांनी 1944 साली मांडलेले सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. आणि 1956 मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावर असे पुस्तक लिहिले, की त्यानंतर इतिहास लिहिण्याची रीतच बदलली.

वरवर पाहता हा छंदांचा पसारा वाटतो. पण नीट पाहिले तर ती एक साखळी आहे. त्यांना संख्याशास्त्र पक्के करायचे होते, म्हणून खरा, हाताळता येईल असा प्रश्न हवा होता. तो मिळाला जुन्या ठोकीव चांदीच्या नाण्यांत. नाणे जितके हातोहात फिरते तितके झिजते आणि हलके होते. मग हजारो नाणी काट्यावर तोलून कोणते आधीचे, कोणते नंतरचे हे ठरवता येईल का? तोलता तोलता पुढचा प्रश्न आला: ही नाणी पाडली कोणी? त्यासाठी जुने ग्रंथ पाहणे आले, ग्रंथांसाठी संस्कृत आले, संस्कृतचा हात बसावा म्हणून भर्तृहरी घेतला. भर्तृहरीच्या पोथ्यांतले पाठभेद जुळवताना प्रश्न पडला, की असे लिहिणारा माणूस कोणत्या समाजात राहत असेल? तिथून इतिहास. आणि इतिहासासाठी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, धनगरांच्या वाटा, गावाबाहेरच्या शेंदूर लावलेल्या देवी असे पायी हिंडणे. एका प्रश्नाने दुसऱ्याला बोलावले. कोणताही छंद आगंतुक नव्हता, प्रत्येकाला आधीच्याने आमंत्रण दिले होते.

आणि वेळ कुठून आणला? राहायला पुणे, नोकरी मुंबईत. दख्खनच्या राणीने जायचे आणि तिनेच यायचे. जाऊन-येऊन सहा तासांच्या वर गाडीत. आपण ज्याला "फुकट गेलेला वेळ" म्हणतो, ती त्यांची अभ्यासिका होती.

पण एकच बाजू सांगून थांबणे बरे नाही. इतक्या विषयांत शिरल्याने त्या त्या विषयातले पक्के पंडित त्यांच्यावर टीका करीत. 1959 मध्ये गणितातील रीमानच्या गृहीतकाशी संबंधित जो निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केला तो टिकला नाही. 1962 मध्ये संस्थेने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. 1966 मध्ये, वयाची साठी गाठण्याआधीच ते गेले. कोसंबींसारखी बुद्धी असलेल्या माणसालाही अनेक दरडींवर पाय ठेवण्याची किंमत द्यावी लागते. मग आपण तर हिशेबाने राहिलेलेच बरे.

दुसरे भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. हे मुंबई हायकोर्टातले वकील. त्यांनी नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' संपादायला घेतला. हे नीलकंठ कोण? पैठणहून काशीला येऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातले, म्हणजे आपल्यासारखेच काशीकर मराठी. शिवरायांच्या राज्याभिषेकाला गेलेले गागाभट्ट याच घराण्यातले. तर त्या ग्रंथाला जोडण्यासाठी धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना लिहावी असे काण्यांनी ठरवले. प्रस्तावना वाढत गेली आणि तिचे पाच खंड झाले! पहिला खंड 1930 मध्ये आला, शेवटच्याचा शेवटचा भाग 1962 मध्ये. पाने साडेसहा हजारांच्या आसपास.

हा आकडा ऐकून छाती दडपते. पण भागाकार करा. साडेसहा हजार पाने, 32 वर्षे. वर्षाला दोनशे, आठवड्याला चार पाने. पहिल्या खंडाआधीची तयारीची वर्षे धरली तर त्याहूनही कमी. आठवड्याला चार पाने आपणही लिहू शकू. फरक इतकाच, की त्यांनी पुढच्या आठवड्यातही तीच चार पाने लिहायला घेतली, आणि आपण पुढच्या आठवड्यात गुलाब लावायला घेतो.

आता या हिशेबातले एक नाजूक कलम. हे जे सहा तास मी शिल्लक म्हणून काढले, ते पुरुषाचे. त्याच घरातल्या गृहिणीचा तक्ता मांडला तर शिल्लक किती निघेल? पुष्कळ घरांत शून्य. ती नोकरी करत असेल तर वजाच. कोसंबींचे वडील धर्मानंद. बुद्धाच्या धर्माचा ध्यास लागला तेव्हा ते घर सोडून निघाले आणि 1900 च्या सुमारास याच काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. त्यांच्यामुळे मराठीत बौद्ध विद्येचे दार उघडले, हे ऋण मोठे आहे. पण त्या वेळी गोव्यात मागे पत्नी होती आणि तान्ही मुलगी होती. कोणाच्याही ध्यासाची थोडी किंमत घरातले दुसरे कोणीतरी भरत असते. म्हणून माझी सूचना अशी, की छंदाचा हिशेब एकट्याने करू नये, घराने मिळून करावा. बुधवारची संध्याकाळ नवऱ्याच्या पेटीची असेल तर शनिवारची बायकोच्या वाचनाची असावी, आणि त्या वेळी चहा त्याने करावा. हे ऐकून भगिनींच्या बाजूने टाळ्या आल्या, पुरुषांच्या बाजूने हसू आले. दोन्ही नोंदवून ठेवतो.

मुलांचेही तसेच. उत्सवातल्या पाठांतर, गायन, चित्रकला, रांगोळी, वक्तृत्व अशा सगळ्या स्पर्धांत एकच मूल धावताना दिसते, आणि उत्सव संपला की वर्षभर पाच क्लास. मुलांनी चार गोष्टी चाखून पाहाव्यात, लहानपण त्यासाठीच असते. पण बारा-तेराव्या वर्षी "यातले तुला सोडवत नाही ते कोणते?" असे एकदा विचारावे आणि त्याचे उत्तर ऐकावे. आपले नव्हे, त्याचे.

मला आणखी एक भीती वाटते. वेळ कमी पडला की आपण सर्वांत आधी काय टाकतो? ज्याची परीक्षा नाही, बक्षीस नाही, ते. परमुलखातल्या मराठी घरात ते बहुधा मराठी वाचन असते. हिंदी बाजारात लागते, इंग्रजी ऑफिसात लागते, मराठी कुठेच लागत नाही. आईशी बोलायला तेवढी लागते. आजी गेली की घरातल्या मराठीचा अर्धा भाग जातो. म्हणून आपल्या छंदांच्या यादीत तिला शेवटी ठेवू नका. झोपण्यापूर्वी मुलांना दोन पाने मोठ्याने वाचून दाखवली तरी तिचा वाटा पोहोचतो. हा वेळ सहा तासांतून काढायचाही नाही, तो मोबाइलच्या चौदांतून काढायचा.

शेवटी, जे छंद आपण या वर्षी करू शकणार नाही त्यांचे काय? इथे बनारसकडून शिकावे. या गावात गाणाऱ्याइतकाच मान ऐकणाऱ्याला आहे. चांगला रसिक होणे हा अपुरा छंद नव्हे. मला सतार येत नसली तरी सतार ऐकायला मी पहाटेपर्यंत बसू शकतो. जे हाताने जमणार नाही ते कानाने, डोळ्याने घ्यावे आणि त्याबद्दल मनात खंत ठेवू नये.

आणि सोडायचेच झाले तर कसे सोडावे, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. आपण दरवर्षी गणपती आणतो, मनापासून सेवा करतो, आणि ठरल्या दिवशी निरोप देतो. त्यात कोणी म्हणत नाही, की भक्ती कमी पडली. कपाटावर धूळ खात पडलेली पेटी, अर्धवट विणलेला स्वेटर, तीन धडे झालेली जर्मन भाषा, या सगळ्या मूर्ती आपण विसर्जन न करता वर्षानुवर्षे मांडून ठेवल्या आहेत. ना पूजा, ना निरोप. आणि त्या दिसल्या की मनाला टोचतात. त्यांना एकदा मानाने पोहोचवून द्या. पेटी शिकणाऱ्या एखाद्या मुलाला देऊन टाका.

तेव्हा या चतुर्थीपासून पुढच्या चतुर्थीपर्यंत एकच मुख्य छंद धरू या. बाकीच्यांना सांगू या, पुढच्या वर्षी या. यायचे असतील ते येतीलच.

गणपती बाप्पा मोरया!