खोटा रुपया आणि 'घ' नावाचा माणूस

आज सुरुवातीला काही बोलत नाही, फक्त ऐका. कानात हेडफोन असतील तर उत्तम.

(बोटाच्या टोकावर तोललेलं नाणं, त्यावर पेन्सिलीची टिचकी. लांबवर घुमणारा आवाज.)

हा पहिला रुपया. आता दुसरा.

(तीच टिचकी. बद्द आवाज, लगेच विरणारा.)

कळला ना फरक? दोन्हींवर राणी व्हिक्टोरियाचा चेहरा आहे. पहिला चांदीचा. दुसरा खोटा, आणि मला जास्त प्रिय आहे तो हाच. पुण्याच्या जुन्या बाजारात घेतला. विकणाऱ्याने आधीच सांगितलं, "साहेब, खोटा आहे बरं का." म्हटलं, म्हणूनच हवाय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. खोटी नाणी दोन प्रकारची. एक, आजच्या काळात बनवलेली, तुमच्या-माझ्यासारख्या हौशी लोकांना गंडवण्यासाठी. १९३९ सालचा रुपया दुर्मिळ, म्हणून त्याच्या नकला ढिगाने मिळतात. त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. दुसरा प्रकार म्हणजे त्या काळातच बाजारात खपवायला बनवलेली नाणी. ती खरंच हातोहात फिरली, खऱ्या नाण्यांसारखी झिजली. मी जमवतो ती ही.

आता ओळखायचं कसं? खरा व्हिक्टोरिया रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. चांदी ९१.७ टक्के. आता त्याच आकाराचा रुपया तांब्याचा करून वर चांदीचा मुलामा दिला, तर वजन भरतं जेमतेम १० ग्रॅम. कथलाचा केला तर सव्वाआठ. वजन जमवायला नाणं जाड केलं, तर जाडी चुगली करते. शिसं वजनाला कमी पडत नाही, पण ते मऊ, आणि वाजतं बद्द. म्हणजे बनवणारा एकीकडे झाकायला जातो आणि दुसरीकडे उघडा पडतो.

ओतीव नाणं असेल तर भिंगाखाली बारीक खड्डे दिसतात, कडेवर साच्याचा सांधा दिसतो. आणि गंमत अशी, की साचा खऱ्या नाण्यावरून घेतलेला असल्यामुळे त्यावरचा ओरखडासुद्धा प्रत्येक नकलेवर उतरतो. दोन रुपयांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा दिसला, की समजायचं, दोघं भाऊ आहेत! अक्षरंही वाचा. १८७७ पासून नाण्यांवर 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आलं. तेव्हा साल १८६२ आणि शेजारी 'एम्प्रेस', असं दिसलं तर काहीतरी गडबड आहे.

सरकारही गप्प नव्हतं. १९४० साली रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आणली, तेव्हा नक्कल अवघड व्हावी म्हणून कडेच्या रेघांमध्ये एक खोबणही घातली.

पण लोकांची खरी भिस्त कानावर. आपल्या भाषेत बघा ना. माणूस चांगला असेल तर आपण म्हणतो, 'खणखणीत नाणं आहे', 'बंदा रुपया आहे'. काही घ्यायचं तर 'वाजवून घ्या'. आणि नावाला लागतो तो 'बट्टा' मुळात सराफाचा. नाणं बदलून देताना तो जे कापून घ्यायचा, तो बट्टा. यूपीआयवर जगणारे आपणसुद्धा रोज नाणी पारखणाऱ्यांची भाषा बोलतोय.

आता माझ्या खोट्या रुपयाकडे या. त्याच्या कडेला छिन्नीची खाच आहे. खाचेत लाल तांबं दिसतं. म्हणजे कुणीतरी तो कापून बघितला आणि तिथेच त्याचा प्रवास संपला. ही रीत फार जुनी. इसवी सनापूर्वी ३७५ च्या सुमारास अथेन्समध्ये कायदाच होता, की बाजारात सरकारी पारखी बसेल आणि आत तांबं-शिसं निघालेलं नाणं तिथल्या तिथे कापून देवीच्या नावे जमा करेल.

पण मी विचार करतो तो खाच पडली तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाचा. त्या काळी पायदळातल्या हिंदी शिपायाचा पगार महिना सात रुपये. एक रुपया म्हणजे चार दिवसांहून जास्त कमाई. ती एका टिचकीत गेली. भरपाई कोण देणार? कुणीच नाही. खोट्या नाण्याचा तोटा नेहमी शेवटच्या माणसाचा.

मग तो शेवटचा माणूस काय करतो? हा प्रश्न १८६० च्या भारतीय दंडविधानालाही पडला होता. खोटं नाणं पाडणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. पण कलम २४१ वेगळ्याच माणसासाठी होतं. त्यातलं उदाहरण आपल्या अक्षरांत सांगतो. 'क' खोटे रुपये पाडतो, 'ख'ला देतो. 'ख' ते 'ग'ला विकतो. 'ग' ते देऊन 'घ'कडून माल घेतो. 'घ'ला काहीच माहीत नाही. नंतर त्याला कळतं, आणि तो ते रुपये खरे म्हणून पुढे ढकलतो. 'घ'ला शिक्षा कमी, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा नाण्याच्या दहापटीपर्यंत दंड. पण शिक्षा आहे. कायदा म्हणतो, तू फसलास हे खरं, पण पुढच्याला फसवायची मुभा तुला नाही.

मंडळी, आपण सगळे 'घ' आहोत. फाटकी नोट घडी घालून गर्दीत रिक्षावाल्याला दिलीय ना कधी? खातरजमा न करता मेसेज पुढे पाठवलाय ना? दहाच्या नाण्याचंच घ्या. 'खोटं आहे' अशी अफवा पसरली आणि दुकानदार खरं नाणं नाकारायला लागले. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की दहाच्या नाण्याचे १४ नमुने आहेत आणि सगळे चालतात. पूर्वी लोक खोटं नाणं वाजवून पकडायचे. आपण खरं नाणं न वाजवताच खोटं ठरवलं.

कुणाला हा छंद लागलाच, तर दोन-तीन गोष्टी सांगतो. 'तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून होणाऱ्या या फसवणुकीबद्दल बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केलं होतं. छंद जुन्या नाण्यांपुरताच ठेवा. चलनातलं नाणं खोटं वाटलं तर ते बँकेत दाखवा. आणि प्रत्येक पाकिटावर ठळक अक्षरांत लिहा, 'खोटा'. उद्या आपण नसू, घरचे विकायला काढतील, तेव्हा त्यांच्या हातून कुणी 'घ' तयार व्हायला नको.

माझ्या पाकिटावर तेच लिहिलंय. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी खाच पाडून हा रुपया थांबवला. मी तो फक्त थांबलेला ठेवतोय.

भेटू पुढच्या भागात. तोवर काहीही पुढे पाठवण्याआधी एकदा वाजवून बघा!