पगार एका कामाचा, अभ्यास दुसऱ्या विषयाचा

पोलादपूरच्या बचत गटांमधून आम्ही बोलतोय.

गटात कर्जाची मागणी आली की आपण आधी विचारतो, पैसे कशाला हवेत? शेळीला, शिलाई मशीनला, भाताच्या बियाण्याला म्हटलं की कुणाची हरकत नसते. पण आमच्या गटातल्या एका अंगणवाडी सेविका ताईंनी पीएच.डी.च्या फीसाठी कर्ज मागितलं, तेव्हा बैठक गप्प झाली. ताई मराठीत एम.ए. झाल्यात. आपल्या खोऱ्यातल्या जात्यावरच्या ओव्यांचा त्यांना अभ्यास करायचाय. एक मावशी म्हणाल्या, "शेळी पिल्लं तरी देते. ओव्यांनी अंगणवाडीचं मानधन वाढणार आहे का?"

नाही वाढणार. मग हा अभ्यास करायचाच कशाला?

याचं उत्तर शेजारच्या महाडनेच पाहिलंय. बाबासाहेब आंबेडकर १९२३ साली लंडनहून परतले आणि मुंबईत वकिली करू लागले. घर वकिलीवर चालायचं. पण त्यांनी डॉक्टरेट मिळवल्या त्या अर्थशास्त्रात. लंडनची १९२३ ची, रुपयाच्या प्रश्नावर. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली जून १९२७ मध्ये. म्हणजे बघा, २० मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह, २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचं दहन, आणि मधल्या जूनमध्ये ही पदवी!

कोर्टात रोजच्या खटल्यात रुपयाचा इतिहास कोण विचारणार? पण तो अभ्यास वाया गेला नाही. १९२५ साली चलनाच्या चौकशीला आलेल्या आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली. १९३७ साली कोकणातली खोती बंद करण्याचं विधेयक त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. कष्ट कुळाचे आणि फायदा खोताचा, हा हिशेब त्यांना नेमका मांडता येत होता.

आणखी एक गोष्ट. बाबासाहेब लंडनला शिकत होते तेव्हा इकडे पैशाच्या ओढाताणीत संसार रमाबाईंनी सांभाळला. एकाच्या अभ्यासाचा भार घरातलं दुसरं कुणीतरी उचलतं. मग बाई शिकायला बसली तर तिचा भार कोण उचलणार? फीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. तो नवऱ्यासमोर, सासूबाईंसमोर आधीच बोलून घ्यावा.

ओव्यांचंही तसंच. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. ओव्या आता म्हाताऱ्या आयांच्या तोंडी उरल्यात. बाहेरचा माणूस विचारायला आला तर त्या लाजतात, ओळखीच्या ताईला मात्र सांगतात. हरकत घेणाऱ्या मावशींनाच आमच्या गटात सगळ्यांत जास्त ओव्या येतात!

आता कामाची माहिती. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. एम.ए.ला ५५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. कमीत कमी तीन वर्षं लागतात, मुदत सहा वर्षांची असते. बायकांना त्यावर दोन वर्षं जास्त मिळू शकतात. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. सुरुवातीला वर्गाला बसावं लागतं. म्हणून "घरबसल्या वर्षभरात पदवी" म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. आधी विद्यापीठात जाऊन चौकशी करा.

आम्ही ताईंचं कर्ज मंजूर केलं, पण भावनेच्या भरात नाही. हप्ता मानधनातून जाईल, पदवीच्या आशेवर नाही, हे आधी वहीत लिहून घेतलं. व्याज आणि हप्त्याची तारीख इतर कर्जांसारखीच ठेवली. ताईंवर मेहरबानी नको आणि गटाच्या पैशाला धोकाही नको.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही कुणाला शिकायचं असेल. पीएच.डी.च कशाला, राहिलेली दहावी असेल. तिला "याचा उपयोग काय?" एवढंच विचारून खाली बसवू नका. हप्ता कुठून येईल, घरचं काम कोण करील, वेळ कधी मिळेल, हे तिच्यासोबत बसून ठरवा. हिशेब जमत असेल तर पुढच्याच बैठकीत तिचा विषय घ्या.