सही करण्याआधी



२०१६ सालच्या अखेरीला सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव गोव्याहून हलून आपल्या वाघोलीशेजारी केसनंदला भरला होता. असल्या ठेक्यावर मराठी गाणं जगभर जाईल, असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर आपण हसलो असतो. २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ हे तसल्याच ठेक्याचं मराठी गाणं आलं, गाजलं. काढलं कोणी? स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीनं, आणि ती २०१७ पासून वॉर्नर म्युझिकच्या मालकीची आहे. अशा वेळी आपल्याकडे दोनच सूर निघतात: ‘पोरांनी नाव काढलं’, नाहीतर ‘पोरं विकली गेली’. मला दोन्हींत रस नाही. मला कराराचा कागद बघायचा असतो.

निर्वाणा या अमेरिकी बँडचंच घ्या. सिएटलच्या सब पॉप या छोट्या कंपनीनं १९८९मध्ये त्यांचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ काढला. ध्वनिमुद्रणाचा खर्च ६०६ डॉलर, तोही जेसन एव्हरमननं भरला. अल्बमवर त्याचं नाव गिटारवादक म्हणून छापलंय. वाजवला मात्र एक सूरही नाही! देणगीदाराचं नाव मंडपाच्या फलकावर येतं, तसलाच प्रकार.

सब पॉपचा कारभार तोंडी. लेखी करार हवा, असा हट्ट बँडनंच धरला. १९९१मध्ये बँड गेफनच्या डीजीसी या मोठ्या कंपनीकडे निघाला तेव्हा याच करारामुळे सब पॉपच्या हाती सुमारे ७५ हजार डॉलर आणि पुढच्या विक्रीतला वाटा आला. डीजीसीकडून आलेल्या ‘नेव्हरमाइंड’ या अल्बमनं जानेवारी १९९२मध्ये मायकेल जॅक्सनला मागे टाकून अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला आणि दिवाळखोरीच्या काठावरची सब पॉप तरली. करार मागितला बँडनं, फळला कंपनीला.

उलटंही घडतं, करारावरून फाटतं. ‘ॲनिमल्स’ या गाण्यानं गाजलेला डीजे मार्टिन गॅरिक्स २०१५मध्ये याच स्पिनिनमधून बाहेर पडला. भांडण कशावरून? मूळ ध्वनिमुद्रण कोणाचं, यावरून.

आपला कॉपीराइट कायदा कलावंताच्या बाजूनं बराच उभा राहतो. हक्क लिहून देताना करारात मुदत घातली नसेल, तर ते पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात. प्रदेश घातला नसेल, तर भारतापुरतेच. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतल्या आपल्या वाट्यावर सहजासहजी पाणी सोडायला लावता येत नाही. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले होते. पण पाच वर्षांची ती सवलत जागा कोरी असेल तरच. कंपनीचा वकील ती कोरी कशाला ठेवील? तो ‘कायमस्वरूपी’ लिहितो आणि पुढे ‘संपूर्ण विश्वात’. म्हणजे मंगळावर गाणं वाजलं तरी पैसा त्यांचाच.

मागच्या रांगेत गिटार घेऊन बसलेल्या मुलांनो, कंपनी मोठी आहे की छोटी, हे नंतर बघा. आधी करारातली मुदत आणि प्रदेश ही दोन कलमं शोधा, ‘कायमस्वरूपी’च्या जागी वर्षांचा आकडा मागा, आणि तो मिळेपर्यंत पेनाचं टोपण काढू नका.